लेगोचे चाचे : जहाजांची रचना, मालिकेचा इतिहास आणि आपल्याकडचा संग्रह

राजवाडा_सातारा (धागाकर्ता)

लेगोच्या चाच्यांच्या मालिकेविषयी मराठीत सविस्तर लेखन माझ्या वाचनात आलेले नाही. सातारा, कराड आणि सांगली या पट्ट्यात या संचांचा मनापासून संग्रह करणारे काही जण मला ठाऊक आहेत. त्यांच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून जे मुद्दे पुढे आले, ते एकत्र मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये ही कंपनी सुरू केली. आज आपण ओळखतो त्या, आतून नळ्या असलेल्या विटेचे पेटंट १९५८ चे आहे आणि हातपाय हलवणारी छोटी बाहुली, म्हणजे मिनिफिगर, १९७८ मध्ये आली. ही बाहुली घडवणारे येन्स न्यूगोर क्नुडसेन यांचाच किल्ला, अंतराळ आणि चाचे या तिन्ही मोठ्या मालिकांच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

चाच्यांची मालिका १९८९ मध्ये बाजारात आली. तोपर्यंतच्या अकरा वर्षांत प्रत्येक बाहुलीचा चेहरा एकच होता : दोन काळे ठिपके आणि एक हसरी रेघ. शिपाई असो, अंतराळवीर असो की डॉक्टर, सगळे सारखेच हसत असत. चाच्यांनी हे बदलले. एका डोळ्यावर पट्टी, वाढलेली दाढी, दाढीचे खुंट असलेले गाल, स्त्रीच्या ओठांवरचा लाल रंग अशी ओळख चेहऱ्यावरच छापली जाऊ लागली. हाताच्या जागी आकडा आणि पायाच्या जागी लाकडी खुंट बसवलेल्या बाहुल्या आल्या. माकड आणि पोपटही याच मालिकेने दिले. माझ्या मते लेगोच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण चेहरा मिळाल्याबरोबर बाहुलीला स्वभाव मिळाला आणि मुलाच्या खेळात गोष्ट शिरली. याआधीही मुले गोष्टी रचत होतीच, परंतु तेव्हा त्यांना कोण कोण आहे हे आधी ठरवावे लागत असे.

दुसरा बदल सुट्या भागांचा होता. जहाज केवळ चौकोनी विटांनी बांधले तर ते खोक्यासारखे दिसते. म्हणून जहाजाचे पोट तीन प्रकारच्या मोठ्या, एकसंध भागांत विभागले गेले : पुढची नाळ, मधला भाग आणि मागची पिछाडी. मधला भाग हवा तितक्या वेळा जोडता येत असल्यामुळे याच साच्यांतून लहान आणि मोठी अशी दोन्ही जहाजे निघत. त्याला जोड म्हणून कापडी शिडे, डोलकाठीवर चढण्यासाठी प्लास्टिकच्या जाळीदार दोरशिड्या, स्प्रिंगच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ आणि खजिन्याच्या पेटीत ठेवायची सोनेरी नाणी आली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या संचांत मात्र तोफ गोळा फेकत नसे. बंदूक आणि पिस्तूलही मिनिफिगरच्या हाती पहिल्यांदा आले ते याच मालिकेत.

पहिल्या वर्षीचे मुख्य संच सर्वांना ठाऊक असावेत : ६२८५ क्रमांकाचे ब्लॅक सीज बाराकुडा हे चाच्यांचे जहाज, ६२७४ कॅरिबियन क्लिपर हे सरकारी जहाज, आणि ६२७६ एल्डोराडो फोर्ट्रेस हा निळ्या गणवेशातील सैनिकांचा किल्ला. कोणत्याही देशाचे नाव न घेता दोन बाजू उभ्या केल्या गेल्या. १९९२ मध्ये निळ्यांच्या जागी लाल गणवेशातील शिपाई आले, १९९३ मध्ये स्कल्स आय स्कूनर हे भव्य जहाज आले, आणि १९९६ मध्ये लोखंडी शिरस्त्राणे घातलेले आरमार आले. निळे फ्रेंचांसारखे, लाल इंग्रजांसारखे आणि शेवटचे स्पॅनिशांसारखे दिसतात, हे वेगळे सांगायला नको. १९९४ च्या बेटवासीयांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. राजा काहुका आणि त्याची माणसे पॅसिफिकमधल्या निरनिराळ्या लोकांची चिन्हे एकत्र करून बनवलेली आहेत. रंगसंगती म्हणून ते संच सुंदर दिसतात, परंतु माणसांचे असे ठोकळेबाज चित्रण मला पटत नाही.

या सगळ्यातून संग्राहकाने काय घ्यावे, याविषयी माझे म्हणणे असे आहे की, या मालिकेचा प्राण तिच्या मोजक्या विशेष भागांत आहे. नाळ, मधले भाग, पिछाडी, शिडे, दोरशिड्या आणि छापील चेहरे शाबूत असतील, तर उरलेल्या साध्या विटा कुठूनही मिळवता येतात. म्हणून सीलबंद खोक्यामागे न लागता आधी हे भाग जमवावेत. आपला अनुभव आणि मते अवश्य लिहावीत.

---

कृष्णाकाठ_सांगली

धागा वाचून आनंद झाला. विशेष भाग आधी जमवावेत, हे मला मान्य आहे. मात्र आपल्या हवामानात ते टिकवायचे कसे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा वाटतो.

माझ्याकडचा संग्रह मुख्यतः नव्वदच्या दशकातला आहे. आखातात नोकरीला असलेले माझे मामा सुट्टीवर येताना हे संच आणत असत. गावभागात आमचे घर तळमजल्यावर होते आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालच्या कपाटातली सगळी खोकी पाण्याखाली गेली. त्या वेळी जे दिसले ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. विटांना काहीही झाले नाही. लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएस या प्लास्टिकच्या आहेत आणि गाळ धुऊन काढल्यावर त्या पूर्वीसारख्याच घट्ट बसू लागल्या. पुठ्ठ्याची खोकी आणि माहितीपुस्तिका मात्र लगदा होऊन गेल्या. कापडी शिडांवर बुरशीचे काळे ठिपके पडले आणि लाल पट्ट्यांचा रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर उतरला. तो डाग निघाला नाही.

तेव्हापासून मी शिडे जहाजावर लावून ठेवत नाही. ती सपाट करून, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह वरच्या मजल्यावर ठेवते. दोन पावसाळ्यांमध्ये पुड्या बदलाव्या लागतात. विटा धुताना पाणी चाळीस अंशांपेक्षा गरम नसावे. सोनेरी मुलामा दिलेली जुनी नाणी तर मुळीच घासू नयेत, कारण मुलामा बोटाच्या घर्षणानेही झिजतो. बाहुल्यांचे छापील चेहरे मऊ फडक्याने टिपावेत.

सातारच्या मंडळींना पुराची इतकी भीती नसेल, परंतु पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन सगळीकडे सारखेच आहे. पांढऱ्या आणि जुन्या करड्या विटा उन्हात पिवळ्या पडतात. एबीएसमधला ब्यूटाडाइन हा घटक अतिनील किरणांमुळे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात विटा बुडवून उन्हात ठेवल्या तर पिवळेपणा बराचसा उतरतो, पण काही काळाने तो परत येऊ शकतो. शिवाय छपाई असलेल्या भागांवर हा प्रयोग करू नये.

---

भूमिती_शिक्षक

आपले लेखन अभ्यासपूर्ण आहे. तरीही एका मुद्द्यावर मी असहमत आहे आणि तो मोकळेपणाने मांडतो.

जहाजाचे पोट एकसंध साच्यातून मिळाले की बांधण्यासारखे उरते काय? विटेचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. दोन गुट्ट्यांच्या (विटेवरच्या गोल उंचवट्यांच्या) मध्यबिंदूंमधले अंतर आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा, आणि पातळ पट्टीची उंची त्याच्या बरोबर एक तृतीयांश म्हणजे तीन पूर्णांक दोन. या तीन आकड्यांवर सगळी रचना उभी आहे. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की सोळा मिलिमीटर होतात, म्हणजे दोन गुट्ट्यांची रुंदी. त्यामुळे वीट आडवी वळवूनही बांधकाम मोजून जुळवता येते. शाळेत मी मुलांना हेच दाखवतो आणि त्यांच्या डोळ्यांत उमजल्याची चमक दिसते. त्या मुलांच्या हाती तयार नाळ दिली तर हा आनंद हिरावला जातो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. कंपनीनेही २०२० च्या ३११०९ क्रमांकाच्या जहाजात पोट विटांनीच बांधायला लावले, आणि ते दिसायला मुळीच कमी नाही.

---

राजवाडा_सातारा

सर, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो जगभरच्या संग्राहकांत चर्चिला गेलेला आहे. तरी तयार पोटाची बाजू मांडतो.

१९८९ मध्ये आजच्यासारख्या गोलसर उताराच्या विटा, कोनात कापलेल्या पट्ट्या आणि बाजूला गुट्ट्या असलेले भाग इतक्या विपुलतेने उपलब्ध नव्हते. ३११०९ चे पोट विटांनी सुंदर होते, कारण तीस वर्षांत त्या प्रकारचे शेकडो भाग निर्माण झाले. त्या काळी विटांनी केलेले पोट जड झाले असते आणि मुलाने उचलताच मधून तुटले असते. जहाज उचलून फरशीवरून फिरवायचे असते. तयार पोटामुळे त्याला कणा मिळाला आणि विटा पडल्या त्या खरोखर बांधण्याजोग्या जागी : कप्तानाची खोली, तोफांचे झरोके, डेक, डोलकाठ्यांचे तळ.

किल्ल्यांच्या बाबतीतही असेच घडले. एल्डोराडो फोर्ट्रेसला उंचसखल साच्याची बेसप्लेट होती, म्हणजे टेकडी तयार आणि तट आपण बांधायचा. आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो तेव्हा आधी दगडमातीचा डोंगर रचतो आणि मग त्यावर बुरूज, दरवाजा आणि मावळे मांडतो. डोंगराला आकार आला की किल्ल्याला जागा मिळते. २०२३ मध्ये हाच किल्ला १०३२० या क्रमांकाने मोठ्यांसाठी पुन्हा काढला गेला. त्यात २,५०९ भाग आहेत आणि ती जुनी बेसप्लेट नाही. सगळा खडक विटांनी बांधायचा आहे. बांधताना तो नवा संच अधिक समाधान देतो. पण लहान मुलाला संध्याकाळी उचलून खेळायला जुनाच संच योग्य, असे माझे मत आजही आहे.

ताई, शिडे कागदांमध्ये ठेवण्याची आपली पद्धत मीही आजपासून स्वीकारतो. महापुरात गेलेल्या पुस्तिकांविषयी वाचून वाईट वाटले. जुन्या पुस्तिकांच्या प्रती संगणकावर पाहायला मिळतात, त्यामुळे निदान बांधणी अडत नाही.

---

गुरबप्रेमी

मी मूळचा सातारचा असून मराठ्यांच्या आरमाराचा अभ्यास हा माझा छंद आहे. या मालिकेकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने आलो.

इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे यांना सर्रास चाचा म्हटले आहे. आपल्या दृष्टीने ते सातारच्या शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षाला आले आणि १७२९ मध्ये निधन होईपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर त्यांच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजांना सुखाने फिरता येत नसे. त्यामुळे संचातला गणवेशधारी शिपाई सज्जन आणि चाचा दुर्जन, अशी सरळ वाटणी मी कधीच स्वीकारली नाही. लेगोच्या रचनाकारांनीही ती केलेली दिसत नाही, हे मला विशेष आवडते. चाच्याचा आणि शिपायाचा चेहरा सारख्याच आस्थेने रंगवलेला आहे.

माझी इच्छा याच भागांतून मराठ्यांचा गुरब, म्हणजे आरमारातले मोठे लढाऊ जहाज, बांधण्याची आहे आणि तिथे तयार पोटाची मर्यादा लक्षात येते. अठराव्या शतकातल्या वर्णनांनुसार गुरबाला सहसा दोन आणि क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांचा गुरब सुमारे तीनशे टनांपर्यंत, दोनांचा दीडशेच्या आत. लांबीच्या मानाने तो रुंद असे, मधून पुढे निमुळता होत जाई, आणि युरोपीय जहाजासारखी उंच गोलाकार नाळ नसून गॅलीसारखा (वल्ह्यांच्या जुन्या युरोपीय जहाजासारखा) पुढे आलेला सपाट टोकदार भाग असे. मुख्य डेकवर, पुढच्या उंच भागाखाली दोन तोफा थेट पुढे तोंड करून ठेवलेल्या असत आणि त्या या सपाट भागावरून मारा करीत. पाठलाग करताना जहाज वळवावे लागत नसे. लेगोची नाळ कॅरिबियन समुद्रातल्या युरोपीय जहाजासाठी घडवलेली आहे. ती लावली की गुरबाचा हा मुख्य गुणच नाहीसा होतो. आपणा सर्वांना यावर काही उपाय सुचतो का?

गलबत तुलनेने सोपे वाटते. ते सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि मोठ्या त्रिकोणी शिडाचे असे. त्याला छोट्या होड्यांचे भाग पुरतील.

---

कराडची_आई

चर्चा वाचते आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला चाच्यांचे जहाज हवे आहे. जुन्या संचांच्या किमती पाहून मी मागे हटले. बाजारात अगदी तसेच दिसणारे स्वस्त संच मिळतात. ते घ्यावेत का? आणि परदेशातून मागवणे परवडते का? अनुभवींनी कृपया सांगावे.

---

राजवाडा_सातारा

ताई, आधी किमतीचे बोलतो. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के. जानेवारी २०२१ पासून इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशातून पूर्ण खोके मागवताना किंमत, टपालखर्च आणि शुल्क अशी बेरीज करून मगच ठरवावे. सुट्या भागांची छोटी पाकिटे तुलनेने हलकी असतात. सुट्या भागांच्या खरेदी-विक्रीसाठी जगभर वापरले जाणारे ब्रिकलिंक हे संकेतस्थळ २०१९ पासून लेगोच्याच मालकीचे आहे आणि तिथे प्रत्येक भाग त्याच्या क्रमांकाने शोधता येतो.

नकली संचांविषयी माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नयेत. दुसऱ्याची रचना जशीच्या तशी उचलणे हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, ज्या संचाची नक्कल झाली आहे त्याच्या जुन्या भागांत नकली भाग मिसळले की पुढे संग्रह वेगळा करणे फार कष्टाचे होते. खऱ्या विटेच्या प्रत्येक गुट्टीवर कंपनीचे नाव कोरलेले असते. भिंगाखाली ते स्पष्ट वाचता येते. जुना संच विकत घेताना मी आधी गुट्ट्या तपासतो आणि मगच शिडे पाहतो.

नऊ वर्षांच्या मुलासाठी जुना १९८९ चा संच शोधू नका. त्या किमतीतला बराचसा भाग दुर्मीळतेचा आहे आणि मुलाला त्याचा उपयोग नाही. ३११०९ सारखा, एकाच खोक्यातून जहाज, खानावळ आणि कवटीचे बेट अशा तीन रचना करता येणारा संच मिळाला तर तोच घ्यावा. भूमिती_शिक्षक यांनाही तो आवडेल.

---

कृष्णाकाठ_सांगली

वरील सल्ल्यात एक भर घालते. २००४ नंतरचे जुने संच घेत असाल तर तपकिरी भाग नीट पाहावेत. त्या वर्षी जुना तपकिरी आणि जुना करडा रंग बदलला. नव्या लालसर तपकिरीतले अनेक वर्षांचे भाग ठिसूळ निघतात आणि काढता-घालताना तडकतात. जहाजाच्या संचांत तपकिरी रंगच जास्त असतो. करड्याचा फरकही लक्षात ठेवावा. जुना करडा उबदार दिसतो आणि नवा निळसर. १९८९ च्या किल्ल्यात नव्या करड्या विटा बसवल्या तर तट ठिगळ लावल्यासारखा दिसतो. ‘उरलेल्या साध्या विटा कुठूनही मिळवता येतात’ या मूळ विधानाला त्यामुळे थोडी मर्यादा येते, असे मला वाटते. रंग जुळवायचा असेल तर साधी वीटही त्याच काळातली शोधावी लागते.

२०२० च्या २१३२२ पायरेट्स ऑफ बाराकुडा बे या संचाचाही उल्लेख व्हायला हवा. एका चाहत्याने सुचवलेल्या रचनेवरून तो निघाला. २,५४५ भागांतून आधी बेटावर आदळलेल्या जहाजाचे अवशेष बांधायचे आणि तेच तुकडे पुन्हा जुळवले की १९८९ च्या बाराकुडाची आठवण करून देणारे पूर्ण जहाज उभे राहते. जुना संच २००२ मध्ये १००४० या क्रमांकाने पुन्हा काढला गेला होता, पण रचनेच्या दृष्टीने मला २१३२२ अधिक मोलाचा वाटतो. जहाज फुटले, माणसे म्हातारी झाली आणि तरी तिथेच राहत आहेत, ही गोष्ट त्या रचनेतूनच कळते.

---

भूमिती_शिक्षक

गुरबप्रेमी यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. माझा प्रस्ताव असा आहे. नाळेचा साचा पूर्णपणे वगळावा. मधले भाग आणि पिछाडी तयार घ्यावी, कारण रुंद पोट आणि मागची उंची गुरबालाही आहे. पुढचा सपाट भाग मात्र कोनात कापलेल्या पट्ट्यांच्या जोडीने, डाव्या आणि उजव्या बाजूंनी टप्प्याटप्प्याने निमुळता करावा. त्याच्या बाजू आडव्या वळवलेल्या विटांनी झाकाव्यात. पाच पट्ट्या म्हणजे दोन गुट्ट्या हे गणित इथे कामी येईल आणि फट राहणार नाही. मधल्या भागाच्या शेवटी आडवी भिंत बांधून तिच्यात दोन झरोके ठेवले की दोन तोफा सरळ पुढे बसतील.

---

गुरबप्रेमी

सर, हा मार्ग मला पूर्णपणे पटला. आडव्या भिंतीतले झरोके तर मूळ वर्णनाशी तंतोतंत जुळतात. एक अडचण उरते. पुढचा निमुळता भाग लांब झाला की त्याच्या वजनाने मधल्या भागाशी असलेला जोड उघडतो. मी कागदावर मांडून पाहिले, तेव्हा जोडाच्या खाली आधार देणे आवश्यक वाटले.

---

राजवाडा_सातारा

आधार खालून देण्यापेक्षा आतून द्यावा, असे सुचवतो. डेकच्या खाली, नाळेच्या टोकापासून पहिल्या डोलकाठीच्या तळापर्यंत लेगोच्याच टेक्निक मालिकेतल्या, छिद्रे असलेल्या दोन लांब तुळया समांतर घालाव्यात आणि मधल्या भागाच्या गुट्ट्यांवर किमान सहा गुट्ट्यांपर्यंत मागे न्याव्यात. डोलकाठीचा तळ त्याच तुळयांवर बसवला की तिचे वजन जोडावर दाब ठेवेल. माझ्याकडे मधले दोन भाग आणि एक पिछाडी सुटी आहे. आपण राजवाड्याच्या बाजूला येणार असाल तर व्यक्तिगत निरोप पाठवावा, ते भाग मोजमापासाठी देतो. कृष्णाकाठ ताईंनी त्रिकोणी शिडासाठी जुन्या कापडाची जाडी कळवली तर नवे शीड त्याच वजनाच्या सुती कापडातून कापता येईल.

---

कृष्णाकाठ_सांगली

पुरात डागाळलेले एक शीड मी जपून ठेवले आहे. त्याची जाडी मोजून उद्या इथेच लिहिते. कापण्यापूर्वी नव्या कापडाच्या कडांना पातळ केलेला फेव्हिकॉल लावून पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे धागे सुटत नाहीत.